रविवारचा रशियन म्हातारा

वाचनगट काढला की पुस्तकं कमी आणि किस्से जास्त जमतात, असा माझा अनुभव आहे. इथे परदेशात, युट्रेख्टला, सुजाता आणि निलेश या नवरा-बायकोच्या घरी आम्ही पाच-सहा मराठी माणसं रविवारी दुपारी जमतो. वर्ष झालं, एकाच रशियन कादंबरीकारात अडकलोय. आधी त्याची जाडजूड कादंबरी, मग त्याचं चरित्र.

*

पहिले चार रविवार नावांतच गेले. एकेका पात्राला तीन-तीन नावं! निलेश आयटीवाला, त्याने एक्सेल शीट केली. सुजाताची आई तेव्हा नागपूरहून आली होती. काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या, "माझ्या दिरांना घरी बंडू म्हणतात, ऑफिसात गजभिये साहेब, आणि मी भाऊजी. मला कधी शीट लागली नाही."

*

हा लेखक उतारवयात स्वतःचे बूट स्वतः शिवायचा. ते वाचून निलेशला स्फूर्ती आली आणि त्याने सायकलचं पंक्चर घरीच काढलं. सोमवारी सायकल ढकलत दुकानात न्यावी लागली. दुकानदाराने चाक बघून विचारलं, हे कोणी केलं? निलेशने एका रशियन लेखकाचं नाव सांगितलं.

*

लेखकाच्या बायकोने त्याचं हस्तलिखित पुन्हा पुन्हा स्वतःच्या हाताने उतरवून काढलं होतं. हे वाचलं आणि सुजाता उठली. तिच्या पीएचडीच्या वेळी निलेशने ऑफिसमधून आल्यावर तीन महिने बसून तिचा एकेक संदर्भ तपासला होता. तिने कपाटातून थिसिस काढला. आभाराच्या पानावर निलेश अगदी शेवटी होता. तिने पेनने त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

निलेश चहा टाकायला आत गेला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

*

चरित्राचं शेवटचं प्रकरण सुजाता वाचत होती; काकू पुन्हा नागपूरहून आल्या होत्या. म्हातारा लेखक बायकोला न सांगता घर सोडून निघतो. वाटेत आजारी पडतो, एका लहानशा स्टेशनवर स्टेशनमास्तरच्या घरात त्याला झोपवतात. बायको धावत येते, पण तिला आत जाऊ देत नाहीत. ती बाहेरून खिडकीतून बघत राहते.

इथे सुजाताने पुस्तक खाली ठेवलं. तिचे बाबा कोरोनात गेले. काकू सहा दिवस हॉस्पिटलच्या गेटबाहेर बसून होत्या, त्यांना शेवटपर्यंत आत सोडलं नाही. मी म्हटलं, आज इथेच थांबू.

काकूंनी विचारलं, "तिला सोडलं का शेवटी?"

"सोडलं," सुजाता म्हणाली. "पण तोवर त्यांची शुद्ध गेली होती."

"पण सोडलं ना?"

"हो, आई."

"मग वाच पुढे."