रस्त्याला लावलेला कान

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. आमच्या मामांनी चिकलठाण्याच्या एका कंपनीत अख्खी नोकरी बॉयलरवर काढली, आणि रिटायर झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बुद्धविहाराची किल्ली स्वतःकडं घेतली. रोज सकाळी कुलूप उघडायचं, झाडायचं, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची. अंगात ताप असला तरी माणूस जायचाच. यंदा थंडी सरता सरता आमच्या घरापासून पंधरा पावलांवरच्या खड्ड्यात त्यांचा पाय गेला आणि मनगट मोडलं. मी सांगून टाकलं, खड्डा बुजेपर्यंत गेटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मामांनी किल्ली शेजारच्यांकडं दिली आणि गेटाजवळच्या खुर्चीत बसायला लागले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तो खड्डा म्हणजे काय सांगू! दोन वर्षांत महापालिकेनं तो किती वेळा बुजवला याची मोजदाद मी सोडून दिली. कधी मुरूम, कधी डांबर, एकदा तर चांगले सिमेंटचे गट्टू बसवले. आठ-दहा दिवस रस्ता शहाण्यासारखा वागायचा, मग पुन्हा खचायचा. भर उन्हाळ्यात, घराघरात बादली-बादली जपून वापरायचे दिवस, आणि आमच्या खड्ड्यात मात्र डुकरं लोळतील एवढं पाणी. मच्छर, वास, रोज एखादा गाडीवाला आडवा.

माझा स्वभाव तसा भांडकुदळ. करमाडच्या पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते; तिथली पोरं माझ्या चपलेचा आवाज ओळखतात. मी अर्जावर अर्ज दिले. रस्तेवाले म्हणायचे, "हे पाण्याचं काम, पाणीपुरवठ्याला सांगा." पाणीवाले म्हणायचे, "आम्ही खोदून पाहिलं, पाइप ठणठणीत कोरडा आहे. रस्त्याचंच काम कच्चं." दोघं एकमेकांकडं बोट दाखवणार आणि मधल्या मधे आम्ही चिखल तुडवणार. वॉर्ड ऑफिसात मी इतक्यांदा आवाज चढवला की मी दिसले की शिपाई आधी पंखा लावायचा.

वैशाख पौर्णिमा आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा मामांनी पहिल्यांदा विषय काढला. "बाई, औंदा विहारावर झेंडा कोण लावणार?" एवढंच. दर बुद्धपौर्णिमेला सकाळी पंचशील ध्वज त्यांच्याच हातानं वर जायचा. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून वॉर्ड ऑफिस गाठलं.

तिथं नवीन आलेली इंजिनिअर मुलगी होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, हीच मोठी गोष्ट. मग तिनं दारात चहा पीत उभ्या असलेल्या लाइनमनला हाक मारली. लाइनमन म्हणजे एरियात पाणी सोडणारा माणूस. पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा, चपलेचा अंगठा शिवलेला. त्यानं दोनच प्रश्न विचारले.

"मॅडम, खड्डा भरतो कवा?"

"पाणी सुटतं त्या दिवशी. आमच्याकडं सात-आठ दिवसांनी सुटतं."

"और हमारी गँग खोदायला कवा येते?"

"इतर दिवशी. खड्ड्यात पाणी असताना डांबर कसं टाकतील?"

तो हसला. "मग कोरड्या दिवशी खोदलं, कोरडं दिसलं. पानी के दिन बुलाओ."

पाण्याच्या तारखांवर गोल करणारी मी! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळं लिहिलेलं होतं, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पाण्याच्या दिवशी सकाळी तो आला. खांद्यावर उंचीएवढी लोखंडी पहार, बाकी काही नाही. मला वाटलं होतं मशीन आणेल. आणि आल्या आल्या म्हणाला, "सगळ्यांच्या मोटारी बंद करा. दहा मिनटं. नळ पण बंद."

अगं माय! आठ दिवसांनी आलेलं पाणी, ड्रम अर्धे, टाक्या रिकाम्या, आणि हा म्हणतो मोटारी बंद करा. मला वाटलं, आज डोकी फुटतात. पण तो दारोदार गेला, हात जोडून. मागून मी माझ्या शाळेच्या आवाजात. एक मोटार बंद पडली, दुसरी पडली. शेवटच्या घरानं कुरकुर केली आणि तीही थांबली. पाण्याच्या दिवशी आमची गल्ली गप्प झालेली मी जन्मात पाहिली नव्हती. बायका हातात रिकाम्या बादल्या घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

त्यानं पहारीचं टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. एक पाऊल पुढं, पुन्हा पहार, पुन्हा कान. खड्ड्यापाशी त्यानं नकारार्थी मान हलवली. मग उलटा चालायला लागला, चढाकडं. खड्ड्याकडून आमच्या घराच्या दिशेनं. तो आमच्या गेटासमोरच्या सिमेंटच्या रॅम्पवर चढला. पहार टेकवली. बराच वेळ हलला नाही.

"इथं," तो म्हणाला.

हा रॅम्प आमचाच. दोन वर्षांपूर्वी मामांचे गुडघे धरले, गेटाच्या दोन पायऱ्या त्यांना जड जायला लागल्या, म्हणून आम्ही रस्त्यावर हातभर पुढं काढून उतार केला. परवानगी कोण घेतं? आमच्या गल्लीत रॅम्प नसलेलं घर दाखवा, मी शंभर उठाबशा काढते. कोणी कारसाठी, कोणी स्कूटरसाठी. गवंड्यानं तेव्हा विचारलं होतं, "ताई, इथं लोखंडी झाकण आहे, त्याचं काय करू?" आणि मीच म्हणाले होते, "त्यावरूनच घ्या ओढून, कोण उघडतंय ते!"

लाइनमननं पहार माझ्याकडं केली. "ऐका."

मी कान लावला. आधी गार लोखंड. मग आवाज आला. दूध उतू जायच्या आधी पातेल्यात होतो तसा, बारीक, पण न थांबणारा. ज्या जमिनीवर मी रोज उभी राहून महापालिकेला शिव्या घातल्या, तिच्या पोटात हे चालू होतं. आणि एक माणूस पहारीला कान लावून ते ऐकत होता, शिवलेल्या चपलेत उभं राहून. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. लाजही तेवढीच वाटली. मी मान वर केली तर अख्खी गल्ली माझ्याकडं बघत होती.

"साहेबांना सांगितलं तर नोटीस, मग मुदत, मग फोडणार," तो हळूच म्हणाला. "महिना जाईल. तुम्ही फोडलं तर आजच काम."

"फोडा," मी म्हणाले. आमच्या ह्यांनी घण आणला. दुपारपर्यंत रॅम्पचे तुकडे झाले, खालून झाकण निघालं, झाकणाखाली पाण्यात बुडालेला व्हॉल्व्ह. पाणी जुन्या ड्रेनेजच्या चारीतून उतारानं पळत जाऊन खड्ड्यातून वर येत होतं. लाइनमन वाकून बघत होता तेवढ्यात खुर्चीतून मामा म्हणाले, "पॅकिंग गेलंय."

लाइनमन चमकून वळला. "बराबर, दादा. पॅकिंगच."

त्यानं व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं झिजलेलं पॅकिंग काढून नवं भरलं. संध्याकाळी खड्डा आटला, आणि दोन दिवसांनी गँगनं मुरूम दाबून तो बुजवला. वर डांबर पडायचं होतं. पण माझ्या डोक्यातून मामांचं बोलणं जाईना. खड्डा बुजवला त्या रात्री जेवण झाल्यावर मी विचारलंच.

"मामा, वाकून न बघता तुम्हाला कसं कळलं?"

"बॉयलरवर जन्म गेला माझा. पाइप कुठं फुसफुसतो ते हाताला कळतं. रॅम्पवर खुर्ची टाकून बसायचो, पाणी आलं की काठीतून मुंग्या यायच्या."

"कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून."

"आणि बोलला नाहीत? हात मोडला तरी बोलला नाहीत? मी तिकडं जगाशी भांडत होते!"

मामा भांड्यातल्या पाण्याकडं बघत बसले. "तुम्ही दोघांनी माझ्यासाठी केलता तो रॅम्प. मी तुमच्या हौसेनं केलेलं कोणत्या तोंडानं फोडा म्हणू?"

मला रडूच आलं. विहार सुटलं, किल्ली गेली, महिनोन् महिने हा माणूस गेटाच्या आत बसून राहिला, का, तर सुनेला वाईट वाटू नये. आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. साहेबांना विचारलं, शिपायाला विचारलं, घरातल्या माणसाला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मामांनी पांढरा सदरा घातला. रॅम्प गेल्यानं जुन्या दोन पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या होत्या. मी त्यांचा दंड घट्ट धरला. पुढं ताजा मुरूम, ठिसूळ.

"मामा," मी म्हणाले, "इथून पुढं मनात काही असलं तर मला तोंडावर सांगायचं. मला वाईट वाटलं तर वाटू दे."

ते वरच्या पायरीवर थांबले. "सांगू?"

"सांगा की."

"मग हात सोड."

मी सोडला. ते भिंतीला धरून एक पायरी उतरले, थांबले, दुसरी उतरले. मग काठी टेकवत, सावकाश, मुरमावरून विहाराकडं निघाले. "जपून" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी ओठ मिटून घेतले आणि ते वळणाआड जाईपर्यंत गेटातच उभी राहिले.