हाताच्या पाठीवरचं तूप

मुलांनो, आजारपणानंतर कॉफीचा वासच येत नाही, असं तुमच्यातल्या धाकटीने परवा फोनवर हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांचं दुकान त्याच कारणाने गेलं. ते सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

ठाकूरद्वारला वडील आणि काका तुपाचं दुकान चालवत. नवा डबा फोडला की वडील थोडं तूप हाताच्या पाठीवर चोळून हुंगत आणि मगच विकायला काढत. वनस्पती तुपाची भेसळ त्यांच्या नाकातून सुटत नसे. गिऱ्हाइकं डब्याकडे नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. दोघे भाऊ दुकानाच्या फळ्या लावून मोर्चाला बरोबर जात. त्याच सुमारास फ्लूची साथ आली. वडील त्यातून उठले, पण त्यांना वास येईना. मग डबे काका हुंगू लागले. वडील नुसते सवयीने हात नाकाशी नेत. एकदा आईने दुकानातलं तूप कढईत घातलं आणि कढई तशीच शेगडीवरून उतरवली. यात वनस्पती आहे, म्हणाली. तो डबा काकांनी चोख म्हणून सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या एक बाई सुनेच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी तूप न्यायला आल्या. वडिलांनी त्यांना सांगितलं की मला वास येत नाही, हे तूप नेऊ नका. त्या रिकामी बरणी घेऊन गेल्या आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला कळलं.

"दादा, नाक गेलं ते गेलं, जीभ तरी आवरायची होतीस," काका म्हणाले.

"लोक माझा चेहरा बघून नेतात रे. तुझ्या डब्यावर तो लावू नकोस."

दुकान काकांकडे राहिलं. हळूहळू गिऱ्हाइकंही परतली. वडील परळला एका गिरणीत कारकून झाले. काका खोटं बोलले की त्यांना खरंच कळलं नव्हतं, हे वडिलांनी कधी विचारलं नाही. राज्य झालं त्या दिवशी वाडीभर पेढे वाटले गेले. आमच्याकडून काकांकडे गेले नाहीत, त्यांच्याकडूनही आले नाहीत.

आमच्या आणि काकांच्या लागून असलेल्या खोल्यांमधलं दार त्या भांडणानंतर खिळे ठोकून बंद केलं होतं. आता तिथे दुसरी बिऱ्हाडं आहेत. ते दार अजून तसंच बंद आहे.