फ्लाइट लेफ्टनंट युजीन, मुक्काम उमेळे

माझी जीभ वाईट. हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

युजीन तुस्कानो आणि मी, तुळशीदास, दोघेही उमेळ्याचे. आमच्या वाड्यांमध्ये एकच कुंपण. लहानपणी रहाटाला रेडा जुंपला की त्याच्या मागच्या दांडीवर आम्ही बसायचो. दहा फेऱ्यांत मला ओकारी, आणि हा पठ्ठ्या दुपारभर गोल गोल फिरून उतरला तरी सरळ रेषेत चालायचा! पुढे हवाई दलाच्या निवडीत गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं, तेव्हा म्हणे डॉक्टरच चकित झाले. गावातला पहिला वैमानिक. चर्चमध्ये फादरांनी त्याच्यासाठी खास प्रार्थना केली होती.

एकाहत्तरच्या लढाईत तो बॉम्बफेकी विमानावर होता. लढाई संपली आणि बातमी आली की, युजीन जिवंत आहे, पण हात भाजलेत आणि विमान उतरवताना मोडलंय. डॉक्टरांनी त्याला उडायला अपात्र ठरवलं. चारेक वर्षं जमिनीवरचं काम केलं आणि शहात्तरला तो कायमचा घरी आला.

मग काय, गावाला विषय मिळाला. सरकारचं एवढं महागाचं विमान मोडलं, म्हणून काढला असणार! हा तर तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. आई क्लाराबाय सुकेळी करायची, तिच्या हाताखाली राबायला लागला. राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घालायची, दिवसातून तीनदा उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. आखडलेल्या बोटांनी त्याला सोलता येईना, पण उलटायचं काम कुणाला करू देत नसे. एकदा पाच-सात जणांसमोर मी कुंपणावरून ओरडलो, "विमान नाही सांभाळता आलं, आता केळी तरी सांभाळ रे बाबा!"

सगळे हसले. तोही हसला. त्याचं हसणं बघून मला वाटलं, बघा, गाव म्हणतं ते खरंच निघालं.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत एक लंगडणारा माणूस टांग्यातून उतरला. नागपूरचे वझलवार. युजीनच्या विमानात नकाशा बघून वाट सांगणारे तेच. युजीन बाजारात गेला होता. सुकेळी उलटायची वेळ झालेली, आणि क्लाराबायला पाहुण्याचं कौतुक केळ्यांपेक्षा जास्त नाही. तिनं मला हाक मारली, त्यांनाही पाटावर बसवलं आणि म्हणाली, "बोला, पण हात चालू ठेवा."

"युजीननं सांगितलंच असेल तुम्हाला," वझलवार केळं उलटत म्हणाले.

"कुठलं काय! तोंडच उघडत नाही," क्लाराबाय म्हणाली.

त्यांचा हात थांबला. म्हणाले, "हवाई दलाकडून त्याच्या कौतुकाचं पत्र आलं होतं हो, तेही नाही दाखवलं?"

मग त्यांनी सांगितलं. हल्ला करून परतताना उजाडत होतं. खालून तोफेचा गोळा लागला, इंजिन पेटलं, वझलवारांच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला. त्या विमानात वैमानिकाच्या डोक्यावर एक मूठ असते. ओढली की खुर्चीसकट माणूस बाहेर, छत्रीनं खाली. वझलवारांच्या जागेला ती सोय नव्हती. त्यांना सरपटत दारातून उडी घ्यावी लागली असती, आणि पाय तर हलत नव्हता.

"मी म्हटलं, युजीन, तू जा. तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, गेला. मी देवाचं नाव घेतलं. मग कानात आवाज आला, 'दिशा सांग.' तोवर तो आग विझवत असणार. पुढची अठरा मिनिटं मी दिशा सांगत होतो, तो जळतं विमान हाकत होता. पोटावर उतरवलं. मला ओढून काढताना हात भाजले त्याचे."

क्लाराबायनं पदर तोंडाला लावला. मी काय करणार? मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. असा माणूस आपल्या कुंपणापलीकडे केळी उलटतो आणि आपण त्याला हसतो! स्वतःची लाज वाटली.

युजीन बाजारातून आला, पाहुणे त्याच्याबरोबर जेवून गेले. मी युजीनला मांडवापाशी गाठलं. "माझ्या थोबाडीत मार," म्हटलं. "एवढं केलंस आणि माझं ऐकून घेतलंस?"

त्यानं समोरचं एक केळं उलटलं आणि म्हणाला, "मी आग विझवत नव्हतो, तुळश्या."

"मग?"

"हात डोक्यावरच्या मुठीवर होता. धरली होती मी. किती वेळ, ठाऊक नाही. वझलवारला हे माहीत नाही. दर वर्षी पत्र लिहून आभार मानतो बिचारा. तू हसलास तेव्हा वाटलं, चला, एकाला तरी खरं कळलं."

त्याचे ते वाकडे, चकाकत्या कातडीचे हात मी घट्ट धरले आणि नेहमीसारखाच ओरडलो, "अरे गाढवा, पण सोडलीस ना! धरलेली सोडलीस ना!"