मोटारीवरच्या कुरडया

चूक माझी होती, आणि ती मी बायकोच्या नावावर खपवली होती.

मी साखर कारखान्यात इंजिनिअर. भवानीनगरला आमचं घर. गाळप संपलं की कारखान्यातली यंत्रं खोलून दुरुस्त करायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही हात गप्प बसत नाहीत. आमच्याकडची टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो. जुन्या पंख्याच्या पात्यांचं मी केलेलं बुजगावणं परसात गरगरतं. पाखरं त्याला भीत नाहीत, उलट त्यावर येऊन बसतात. तरी मला ते फार आवडतं.

कुणी काही काम करताना दिसलं की त्यात जोर किती वाया जातोय, हेच मला आधी दिसतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका कुरडया घालतात. गव्हाचा चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून दाबून गच्चीवरच्या कापडावर घालायचा. दाबून दाबून माझ्या बायकोची मनगटं सुजायची. हे काम सावडीनं चालतं. आज एकीच्या गच्चीवर सगळ्या जमतात, उद्या दुसरीच्या. तुम्ही जिच्याकडं गेलात, ती तुमच्याकडं येते.

मी बारामतीच्या भंगारवाल्याकडून जीपच्या वायपरची मोटार आणली आणि सोऱ्याला जोडली. पहिल्या चाचणीला सैल मळलेलं पीठ सुटलं ते थेट माझ्या चष्म्यावर. बायको हसत हसत खालीच बसली. मग वेग कमी केला, दट्ट्या बदलला, आणि धार अशी सुरेख पडायला लागली की मी तिला दोनदा हाक मारून दाखवली.

आमची पाळी आली, त्याच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या आक्कांना परस्पर सांगून आलो, की हिनं निरोप दिलाय, उद्या कुणी येऊ नका, आमच्याकडं मशीन आहे. हिला काहीच विचारलं नव्हतं. बायकांची उठबस वाचेल, हिला आराम मिळेल, एवढंच डोक्यात.

सकाळी चीक शिजला तरी ही फाटकाकडं बघत होती. तेव्हा मी निरोपाचं सांगितलं. तिनं फाटकावरची नजर काढली आणि चिकाचं पातेलं उचललं. आम्ही दोघांनी ऊन चढायच्या आत गच्ची भरून टाकली. सगळ्या कुरडया एकसारख्या. मी खुशीत फोटो काढत होतो.

"चांगल्या झाल्यात," ती म्हणाली. "पण माझ्याकडं कोण आलं न्हाय. आता मी कुणाकडं जाऊ?"

पुढं रोज कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून हसण्याचे आवाज यायचे. गरम चिकात दूध-साखर घालून वाट्या फिरायच्या. हिला बोलावणं येईना. एकदा दारात आक्कांनी टोमणा मारला, "तुमच्यात मोटार हाय बाई. आमी आपली हातानं दाबणारी माणसं." नवऱ्याचा उद्योग आहे, एवढं सांगितलं असतं तरी ही सुटली असती. तिनं सांगितलं नाही. आत बसून ऐकणाऱ्या मला ते फार लागलं.

आक्कांच्या पाळीला मला सुट्टी होती. मी जिना चढून त्यांच्या गच्चीवर गेलो. एकीनं लगेच विचारलं, साहेबांनी मोटार खालीच ठेवली का.

"आक्का, तो निरोप हिचा नव्हता," मी म्हणालो. "मीच तिच्या नावानं सांगितलं. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

आक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय? मग ती आठ दिस आमचं बोलणं उगं ऐकून घेत हुती?" त्या कठड्याशी गेल्या आणि आमच्या परसाकडं बघून ओरडल्या, "ये गं लवकर, चीक गार हुतोय. नवरा आमच्या ताब्यात हाय."

मला सोऱ्या दाबायला बसवलं. माझ्या कुरडया गोल होईनात. कुणी म्हणालं जिलेबी, कुणी म्हणालं गांडूळ. मनगटं भरून आली, हसूही आवरेना. तेवढ्यात ही पदर खोचत वर आली आणि मला त्या अवस्थेत बघून जिन्याच्या दारातच थांबली.

सोऱ्या हातात तसाच धरून, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "तुला न विचारता तुझ्या नावानं बोललो. तुझी माणसं तोडली. माझं चुकलं. मला माफ कर."