भिजवलेली छडी

इंग्रजीचे मास्तर शब्दांच्या जोड्या पाठीवर शिकवायचे. एकदा छडी ओढली की ‘हिट’, ओढतच राहिलं की ‘बीट’. हा फरक विसरायची कुणाची बिशाद नव्हती, आणि पोरांचे आईबाप तर मास्तरांवर बेहद्द खूश.

सुकी छडी तडकते, म्हणून ती रोज सकाळी बादलीत भिजत घालायचं काम बायकोकडे असायचं. शिकवणी पुढच्या खोलीत चालायची आणि ती मागे भांडी घासत सगळं ऐकायची. काही धडे मास्तरांनी दार लावून तिलाही दिले होते.

त्या दिवशी पोरं गेल्यावर मास्तरांनी स्वतःच्या लेकीला उभं केलं.

“हिट आणि बीट. फरक सांग.”

पोरीने मान खाली घातली. पहिली छडी मानेवर बसली आणि कातडी सोलून गेली. दुसरीसाठी उचललेला हात वरच अडकला, कारण बायकोने मागून येऊन मनगट धरलं होतं. तिने छडी हिसकावली आणि अशी हाणली, की मास्तरांची भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. ते भिंतीला टेकत खाली बसले.

“डोकं फिरलंय का तुझं?”

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती लेकीला म्हणाली, “बाळा, ही एक बसली. याला काय म्हणतात?”

“हिट,” पोर पुटपुटली.

“बरोबर. आता बाहेर जा आणि दार ओढून घे. दुसऱ्या शब्दाला जरा वेळ लागतो.”