रिकाम्या माळाला वळसा

विमान पश्चिमेकडून येत होतं आणि पंख हलवत नव्हतं.

मी चौकीच्या माचाणावर उभी होते. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात फील्ड टेलिफोन. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला विमानतळावरच्या तोफांचे सुभेदार होते. हुकूम साधा होता. परत येणाऱ्या आपल्या विमानाने चौकी दिसली की पंख हलवायचे, डावा मग उजवा. जे खालून येईल आणि पंख हलवणार नाही ते शत्रूचं. त्यावर तोफा सुटणार.

"पंख हिलाया?" सुभेदारांनी विचारलं.

"नहीं."

"ठीक से देख."

"देखा. नहीं हिलाया."

समोरून येणारं जेट म्हणजे आडवी काळी रेघ. आपलं काय, त्यांचं काय, समोरून सारखंच दिसतं. ही रेघ झुडपांना घासत येत होती. मी चुकून 'आपलं' म्हटलं असतं तर धावपट्टीवर बॉम्ब पडले असते, आणि धावपट्टीच्या कडेच्या शेडमध्ये माझा नवरा काम करत होता. चुकून 'त्यांचं' म्हटलं असतं तर आपला पायलट आपल्याच तोफेने मेला असता.

"बोल, किसका है?"

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. अजून काही दिसायचं होतं.

मी म्हैसूरच्या मराठी शिंप्याची मुलगी. चौथीपर्यंत शिकले, मग मशीनवर बसले. नवरा हवाई दलात कॉर्पोरल, इंजिनांचं काम करायचा. त्याची बदली पश्चिम सीमेवर झाली, मी बरोबर गेले. लढाई जवळ आली तेव्हा गावातले पुरुष खंदक खणायला लागले आणि होमगार्डने बायकांना भरती केलं. मला खाकी मिळाली, बूट मिळाले. बूट मोठे होते, पुढे चिंध्या भरल्या. परेड शिकवली, सॅल्यूट शिकवला आणि टेहळणी चौकीवर पाठवलं.

चौकी का, तर रडारला फार खालून येणारं विमान दिसत नाही. तिथे माणसाचे डोळे लागतात. आमच्या चौकीवर वायरलेसला कॉर्पोरल यादव आणि माचाणावर आळीपाळीने आम्ही होमगार्ड. विमान दिसलं की ओरडायचं, "लो फ्लाइंग, जेट, एक, पश्चिम." यादव तेच वायरलेसवर सांगायचा. एवढंच काम. शिकायला दोन दिवस लागले, अंगात मुरायला महिना.

लढाईच्या आधी आपले पायलट रोज आमच्या बाजूने सराव करायचे. इतके खाली की माचाणावरून मला विमानाची पाठ दिसायची. कोरड्या नदीच्या पात्रावरून सरळ रेघ धरली की ती थेट विमानतळाला मिळते. पण कुणी सरळ येत नसे. चौकीच्या पश्चिमेला एक माळ होता. गावातली मेलेली गुरं तिथे टाकत. आकाशातून बघा, नुसती पांढरी माती. पण तिथे गिधाडं बसलेली असत, शेकड्यांनी. विमान जवळ गेलं की सगळी एकदम उठत. एका पायलटच्या काचेवर एक गिधाड आदळलं. तो कसाबसा उतरला. तेव्हापासून त्या स्क्वाड्रनची पद्धत पडली. माळ डावीकडे ठेवायचा, दक्षिणेने वळसा घ्यायचा आणि पुन्हा पात्रावर यायचं. हे नकाशावर नव्हतं. रोज उडणाऱ्यांना माहीत होतं आणि रोज बघणाऱ्यांना.

त्या दुपारी ती काळी रेघ माळाकडे सरळ येत होती.

"बोल, बाई!" सुभेदार म्हणाले. "तोफ तयार है."

रेघ वाकडी झाली. विमानाने नाक दक्षिणेला वळवलं. कसंतरी, सरकल्यासारखं. पंख तसेच सपाट. वरून रिकाम्या दिसणाऱ्या माळाला त्याने वळसा घातला आणि पुन्हा पात्रावर आलं.

"हमारा है," मी म्हणाले. "गोली मत चलाओ."

"पंख हिलाया?"

"नहीं. हमारा है."

मग सुभेदार बोलले, माझ्याशी नाही, तोफांवरच्या जवानांशी. "होल्ड. होल्ड. कोई नहीं चलाएगा."

विमान माचाणाच्या बाजूने, माझ्यापेक्षा खालून गेलं. उजव्या पंखाचं टोक नव्हतं. शेपटीला भोकं होती. ते गेल्यावर आवाज आला आणि माचाण हललं. यादव खालून ओरडला, "अपना था?" मी म्हटलं, "अपना था."

शाबासकी सुभेदारांना मिळाली. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "तेरी वजह से मेरी नौकरी भी जा सकती थी." मी म्हटलं, "गयी क्या?" ते हसले. कसं ओळखलं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पायलट होते फ्लाइंग ऑफिसर पोनप्पा. कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. मी म्हैसूरची आहे कळल्यावर दवाखान्यातून सुटताच ते चौकीवर आले आणि माझ्याशी कन्नडमध्ये बोलले. तेव्हापासूनची ओळख. विंग कमांडर होऊन निवृत्त झाले आणि म्हैसूरला, बोगादीत घर बांधलं. आम्हीही नंतर बोगादीलाच आलो. नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला पोनप्पा साहेब होते. ते मला अक्का म्हणतात.

हे आता लिहायचं कारण मेघा. माझ्या लेकीची लेक. कंपनीत कामाला आहे. वरच्या खोलीत तिने विमानाचा सिम्युलेटर बसवलाय. खुर्ची, दांडा, पायाखाली पेडल, डोळ्यांवर बांधायचा चष्मा. पोनप्पा साहेब दर रविवारी जेवून येतात आणि त्यात बसतात. वय झालंय, जिना चढताना दोनदा थांबतात. खुर्चीत बसले की थांबत नाहीत.

मेघाने त्यांच्यासाठी ती दुपार बनवली होती. तोच विमानतळ, तेच पात्र, तीच चौकी. साहेबांनी सांगितलं तसं तिने विमान मोडलं. रेडिओ बंद, पंखांचं कंट्रोल अडकलेलं. आणि दर रविवारी साहेब मारले जात. कॉम्प्युटरच्या तोफा पंख हलले नाहीत की सुटायच्या.

"अक्का, या गेमच्या हिशेबाने मी मेलेला माणूस आहे," ते म्हणाले. "तुमच्या घरी भूत जेवतंय."

"भुताला आमटी दोनदा लागते हे माहीत नव्हतं," मी म्हटलं.

मेघा म्हणाली, "अज्जी, तू बस ना चौकीवर. तोफेचं बटन तुझ्याकडे देते." तिचं मराठी तोडकं आहे, पण हे नीट बोलली.

मी दुसऱ्या स्क्रीनपुढे बसले. पहिल्यांदा आधी आवाज आला, मग विमान. मी सांगितलं, हे खोटं आहे. इतक्या खालून येणारं जेट डोक्यावर येईपर्यंत ऐकू येत नाही. आवाज ऐकून बघायला लागलेला माणूस उशीर करतो. साहेब म्हणाले, झुडपंही खोटी आहेत. सगळी एका उंचीची, हुणसूरच्या शेतातल्या तंबाखूसारखी. मग उंची कशावरून कळणार? "खऱ्या उडण्यात शेळीचे कान दिसले की समजायचं, फार खाली आलो," ते म्हणाले. "आणि विमान खडखडतं. रस्त्यावरच्या बसपेक्षा वाईट. इथे मी सोफ्यावर बसलोय."

मेघाने सगळं ऐकलं. "सरी," म्हणजे बरं, म्हणाली आणि कामाला लागली. पुढच्या रविवारी झुडपं उंचसखल होती, खुर्ची दणके देत होती आणि आवाज विमान गेल्यावर येत होता.

मी पुन्हा बसले. विमान आलं. पात्रावरून सरळ. पंख हलले नाहीत. सरळ माळावरून आलं.

मी बटन दाबलं. साहेबांचं विमान पडलं.

त्यांनी चष्मा काढला. "अक्का, तुम्ही मला मारलंत."

"तुम्ही सरळ आलात."

"मग कसा येऊ? तेव्हाही असाच आलो होतो."

"नाही आलात. तेव्हा माळाला वळसा घेतलात. पंख नाही, वळसा नाही, मग मी काय तुमचं तोंड बघून ओळखू?"

त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला. "कुठला माळ?"

"गिधाडांचा."

"अय्यो," ते म्हणाले. मग हळू बोलले. "दांडा हलत नव्हता. पायाने रडर, शेपटीचं सुकाणू, दाबला एवढं आठवतं. का दाबला ते आठवत नाही. पाय आपोआप गेला. एवढी वर्षं मला वाटलं, सुभेदारांनी विमानाचा आकार ओळखला."

"समोरून कुणी आकार ओळखत नाही, साहेब."

मेघाने विचारलं, "त्या माळावर काय होतं? मॅपवर तर काहीच नाही."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "पक्षी घाल, मेघा. पुष्कळ घाल. विमान जवळ आलं की उठू देत."

तिने घातले. आणखी एक गोष्ट केली, ती मला आवडली. म्हणाली, आता कधी कॉम्प्युटरचं शत्रूचं विमान पाठवीन, कधी साहेबांना पाठवीन. कोण ते सांगणार नाही. दोघांपैकी कुणीच पंख हलवणार नाही.

पुढच्या रविवारी बसलो. साहेबांच्या ओळखीचे दोन निवृत्त पायलटही बघायला आले होते.

पहिलं आलं. सरळ माळावर गेलं. पक्षी उठले. मी बटन दाबलं. "शत्रू," मेघा म्हणाली.

दुसरं आलं. तेही सरळ. दाबलं. शत्रू.

तिसरी रेघ आली. सपाट, झुडपांना घासत. माझं बोट बटनावर होतं. रेघ माळाकडे आली, आणि वाकडी झाली. सरकल्यासारखी, दक्षिणेला. माळ डावीकडे ठेवून गेली आणि पात्रावर परत आली.

"हमारा है," मी म्हटलं आणि बोट उचललं.

विमान चौकीच्या बाजूने, खालून गेलं. मग आवाज आला. मग धावपट्टी, मग चाकं टेकली, आणि साहेब खुर्चीत ओरडले, "डाऊन! अक्का, डाऊन अँड सेफ!" निवृत्त पायलट टाळ्या वाजवत उभे राहिले. एकाने मला सॅल्यूट केला. मीही उभी राहून त्याला सॅल्यूट केला. होमगार्डने शिकवलेला अजून नीट येतो.

मेघा साहेबांना पाणी देत म्हणाली, "अंकल, तुम्ही सांगितलं होतं दोन विमानं गेली होती. दुसरं पण घालू? तुमच्या शेजारी?"

साहेबांनी पाणी संपवलं. ते विमान बॉबीचं होतं. बॉबी बाविशीचा पोरगा, सगळ्यांत खाली उडायचा. माचाणाजवळून जाताना मला हात करायचा, आणि मला त्याचा हातमोजा दिसायचा.

"जाताना घाल," साहेब म्हणाले. "येताना नको."

मेघाने तसंच केलं. आता दर रविवारी दोन विमानं जातात आणि एक येतं. माळाला वळसा घेऊन येतं, मी बोट उचलते.

पोनप्पा साहेब जगले. बॉबी सीमेपलीकडे मारला गेला.