पाटाचं पाणी आणि पाचाचे तीन

"डोकी मोजली तर सत्ता आमची. गावं मोजली तर यांची. आता तुम्हीच सांगा, वकीलसाहेब." मोठ्या गावचे आबा भिंतीला टेकले. समोर चार लहान गावांच्या वतीने नाना बसलेले.

साक्रीकडच्या या पाच गावांचा पांझरा नदीवर एकच बंधारा. त्यातून पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले; एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीने. पाळी ठरवणारे पंच कुणाचे, यावरून माणसं काठ्यांवर आली होती. प्रकरण धुळ्याच्या कोर्टात पोचलं. सीनियरांनी मला पाठवलं. "निकाल लागेपर्यंत ऊस वाळेल. तडजोड करूनच ये."

कॉलेजात अमेरिकेची राज्यघटना शिकलो होतो. तीच सांगितली; पाटासाठी तशीच एक घटना लिहू, म्हणालो. इंग्रजांपासून सुटलेली तेरा राज्यं. लहानांना मोठ्यांची धास्ती. म्हणून दोन सभागृहं केली. एकात प्रत्येक राज्याची माणसं सारखी, दुसऱ्यात लोकसंख्येप्रमाणे. दोन्हीकडे पास झालं तरच कायदा. अध्यक्षाला पटलं नाही तर तो कायदा परत पाठवतो. पण दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं पडली, की त्याच्या नाकावर टिच्चून पास. न्यायालय या सगळ्यांपासून वेगळं.

"एक पाटले दोन पंचायती?" नाना म्हणाले. "एक मांडवमा दोन नवरदेव?"

"भांडणारे दोन आहेतच की नाना, आता त्यांना बसायला जागा देऊ," आबा म्हणाले. हशा पिकला. जमलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात आबांनी पाचर मारली. डोकी मोजताना सालदारही धरायचे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. फडात त्याची जमीन नाही, म्हणून मत नाही. आबांच्या गावात असे गडी फार.

नाना उठलेच. "डोकं त्यासनं अन् मत तुम्हनं?"

अमेरिकेतही नेमकं इथेच अडलं होतं, गुलामांवरून. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, असं तिथे ठरलं. मत अर्थातच नाही. मी तो क्लॉज उचलून इथे ठेवला. पाच सालदारांचे तीन. दोघांनी माना डोलावल्या. ज्या प्रश्नावर तो क्लॉज पांघरूण होता, त्यावरूनच पुढे त्या देशात यादवी झाली, हे मी वाचलेलं होतं. बोललो नाही. सह्या व्हायच्या होत्या.

आबांचा सालदार भिका पाण्याचे तांबे फिरवत होता. तो थांबला.

"आम्हना तुकडा करीसन मोजा, चालस. पण चैतमा तुम्ही बंधारानी मोरी बंद करतस. खाले आम्हनी वस्तीले पेवाले पाणी नही ऱ्हास. ते आम्ही कोठे बोलानं?"

"तुझं आम्ही बघू रे," आबा म्हणाले.

पेन माझ्या हातात उघडंच होतं. खाली नदीत पाणी सोडणारी ती मोरी थोडी उघडी ठेवावी, एवढी एक ओळ लागत होती. पण त्यावर आबा अडून बसले असते, आणि मी रिकाम्या हाताने धुळ्याला परतलो असतो.

"हा विषय पाटाच्या घटनेत येत नाही," मी म्हणालो. भिकाने माझ्यापुढे तांब्या ठेवला आणि पुढे गेला.

घटना टिकली. गावं पुन्हा भांडली नाहीत. सीनियर अजून नव्या वकिलांना माझा तो ड्राफ्ट वाचायला देतात. मी तेव्हा मान खाली घालून फाइल चाळतो. त्यांना तो विनय वाटतो. चैत्रात मोरी बंद करायचा ठराव दोन्ही पंचायती दरसाल एकमताने पास करतात. अध्यक्ष तो परत पाठवत नाहीत. अध्यक्ष आबाच आहेत. वस्तीवरच्या बाया नदीच्या वाळूत झिरे उकरतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. एकदा जाऊन पाहिलं. दुसऱ्यांदा गेलो नाही.

हल्ली तडजोडीत दोन्ही पक्ष खूश दिसले, की सह्यांआधी मी खोलीत पाणी कोण देतंय ते बघतो. त्याला विचारतो. बहुतेक वेळा ड्राफ्ट पुन्हा लिहावा लागतो.